कामाचे तास, अपमान आणि दाद : आयटीतील कार्यसंस्कृतीच्या प्रश्नाचा आढावा

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीची बाग नसलेले घर एक वेळ सापडेल, पण पुण्याला आयटीत कुणीच नाही असे घर सापडणे आता अवघड झाले आहे. फैजपूर, बांभोरी, भुसावळ, जळगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याची वाट धरतात. घरी सांगितले जाते ते पॅकेज. सांगितले जात नाही ते कामाच्या जागेचे वातावरण : रात्रीचे कॉल, सगळ्यांसमोर झालेला पाणउतारा, न पटणारे रेटिंग, एका बैठकीत मागितलेला राजीनामा. गेल्या काही वर्षांत या अनुभवांची जाहीर चर्चा सुरू झाली आहे. ती आज कुठवर आली आहे, कोण काय म्हणते आणि कोणते प्रश्न सुटायचे आहेत, हे येथे क्रमाने पाहायचे आहे.

प्रश्न नेमका कोणता

भरपूर काम म्हणजे वाईट कार्यसंस्कृती नव्हे. प्रकल्प सुरू करण्याच्या आठवड्यात सगळा संघ रात्री जागतो आणि पुढे आनंदाने त्याच्या आठवणी सांगतो, हेही या क्षेत्रात घडते. एखादा तिरसट टीम लीड वाट्याला आला म्हणून संपूर्ण कंपनीला दोष देता येत नाही. प्रश्न उभा राहतो तो अनादर, भीती आणि अन्याय हा रोजचा शिरस्ता होतो आणि त्याविरुद्ध बोलण्याची वाट बंद असते तेव्हा.

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेले लाखो अभिप्राय तपासून डोनाल्ड सल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘एमआयटी स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यू’त विषारी संस्कृतीची पाच लक्षणे मांडली : अनादर, काहींना वगळणे, अनैतिक व्यवहार, गळेकापू स्पर्धा आणि छळ. नोकरी सोडण्याचा अंदाज पगारापेक्षा विषारी संस्कृतीवरून दहापटीने अधिक चांगला बांधता येतो, असाही त्यांचा निष्कर्ष होता. अभिप्राय लिहिणारे लोक स्वतःहून पुढे आलेले असतात आणि अनुभव अमेरिकेतले आहेत, ही मर्यादा धरूनही ही पाच लक्षणे आपल्याकडच्या तक्रारी तपासायला उपयोगी पडतात.

पार्श्वभूमी

आयटी उद्योगाचा खानदेशाशी संबंध पुण्याच्या नोकऱ्यांपेक्षा जुना आहे. विप्रोची सुरुवात १९४५ साली याच जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. संगणकाकडे ती कंपनी १९८०च्या सुमारास वळली. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली, पर्सिस्टंट १९९० मध्ये. पुढे हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि पुणे हे उत्तर महाराष्ट्रातील अभियंत्यांचे पहिले मुक्कामाचे शहर झाले. आयटी उद्योगाच्या ‘नॅसकॉम’ या संघटनेच्या मांडणीप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशात या उद्योगात सुमारे ५८ लाख लोक काम करत होते.

या उद्योगाची घडण समजली तर तक्रारींचे मूळ समजते. बहुतांश काम परदेशी ग्राहकासाठी असते आणि बिल माणसाच्या तासांवर किंवा ठरलेल्या मुदतीवर निघते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. ग्राहकाचा दिवस सुरू होतो तेव्हा आपला संपत आलेला असतो. त्यात कंत्राट मिळवताना मुदत कमी आणि माणसे कमी दाखवली गेली, की ती तूट संघातल्या लोकांच्या रात्रींतून भरून निघते. ज्याच्या नावावर बिल निघत नाही तो ‘बेंच’वर जातो, आणि बेंचवरचा प्रत्येक आठवडा नोकरीवरची टांगती तलवार ठरतो.

संशोधक काय सांगतात

भारतात या विषयाचा अभ्यास वीस वर्षांहून जुना आहे. बाबू रमेश यांनी नोएडातील कॉल सेंटरांचा अभ्यास २००४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडला. चकचकीत इमारतींच्या आत कर्मचाऱ्यांवर किती बारीक पाळत असते, हे त्यातून पुढे आले. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतर्फे कॅरल उपाध्य आणि ए. आर. वासवी यांनी २००६ मध्ये सॉफ्टवेअर उद्योगाचा मोठा समाजशास्त्रीय अहवाल दिला. कर्मचाऱ्याने स्वतःच स्वतःला राबवून घ्यावे अशी अपेक्षा आणि त्याच वेळी त्याच्यावर सतत देखरेख, असे दुहेरी नियंत्रण त्यांनी दाखवले. हा कर्मचारीवर्ग प्रामुख्याने शहरी, मध्यमवर्गीय आणि वरच्या जातींतला आहे, आणि ‘गुणवत्ते’च्या नावाखाली भाषा, बोलण्याची ढब, वावर यांचीही पारख होते, हेही त्यांनी नोंदवले.

प्रेमिला डिक्रूझ आणि अर्नेस्टो नोरोन्हा यांचे काम या चर्चेत विशेष महत्त्वाचे आहे. मुंबई आणि बंगळूरच्या कॉल सेंटरांतील कर्मचाऱ्यांशी बोलून त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी, की छळ नेहमी एक माणूस दुसऱ्याचा करतो असे नाही. लक्ष्ये, पाळत, शिक्षा आणि मुदती यांची रचनाच छळ करते, आणि वरिष्ठ तिचे केवळ वाहक असतात. दुसरी अशी, की ‘आपण प्रोफेशनल आहोत’ ही ओळख कर्मचाऱ्याला संघटनेपासून दूर ठेवते. त्रास सहन करणे त्याला स्वतःच्या क्षमतेची परीक्षा वाटते आणि तक्रार करणे कमीपणाचे.

आरोग्याच्या अंगाने जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. ‘बर्नआउट’ला आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून मान्यता दिली. या फरकाला अर्थ आहे. उपाय केवळ डॉक्टरकडे नाही, कामाच्या रचनेतही शोधावा लागतो.

तक्रारींचे प्रकार

जाहीर झालेल्या तक्रारी साधारण चार गटांत पडतात.

पहिला गट तासांचा. टाइमशीटमध्ये ९ तास आणि प्रत्यक्षात १२, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. पुण्यातील अर्न्स्ट अँड यंगच्या कार्यालयात रुजू झालेल्या २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीचा जुलै २०२४ मध्ये मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात कामाच्या ताणाकडे बोट दाखवले. कंपनीने ते कारण मान्य केले नाही. कंपनी आयटीतली नसली तरी पुण्यातील आयटी कर्मचाऱ्यांत हा विषय याच पत्राने सर्वांत अधिक पेटला. नंतरच्या तपासणीत त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे कामगार विभागाने सांगितले.

दुसरा गट मूल्यमापनाचा. वर्षभराचे काम एका रेटिंगमध्ये बसवायचे आणि ठरावीक टक्के लोकांना खालच्या पायरीवर टाकायचेच, ही ‘बेल कर्व्ह’ची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. मायक्रोसॉफ्टने तशी पद्धत २०१३ मध्ये सोडली, पुढे भारतातील काही मोठ्या कंपन्यांनीही ती सोडल्याचे जाहीर केले. तरीही कागदावरचे धोरण आणि प्रत्यक्ष वागणूक यांत अंतर राहते. बाजार समितीच्या फलकावर केळीचा एक भाव आणि बागेत व्यापाऱ्याच्या तोंडी दुसरा, हे रावेरच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्याच्या मुलाला ॲप्रेझलच्या खोलीत तसाच अनुभव येतो. ज्याच्याशी वाद झाला त्याच्याच हाती रेटिंग असते. ‘पीआयपी’ म्हणजे कामगिरी सुधारण्याची संधी. ती अनेकांना बाहेरच्या दाराची पहिली पायरी वाटते.

तिसरा गट नोकरीतून काढण्याच्या रीतीचा. जुलै २०१७ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राच्या एका एचआर प्रतिनिधीचे संभाषण जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत राजीनामा द्या, असे त्यात कर्मचाऱ्याला सांगितले होते. आनंद महिंद्रा यांनी जाहीर माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण ठरवून घरी पाठवले गेले. परीक्षेच्या तीन संधी दिल्या होत्या आणि ही पद्धत जुनीच आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. यातील अनेकांनी नेमणुकीसाठी आधीच दोन वर्षांहून अधिक वाट पाहिली होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले.

चौथा गट स्त्रियांच्या सुरक्षिततेचा आणि सन्मानाचा. रात्रपाळीच्या वाहतुकीचे नियम पुण्यात २००७ आणि २००९ मधील दोन तरुणींच्या हत्यांनंतर कडक झाले. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी १० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. जगभरही हा विषय याच दाराने पुढे आला. २०१७ मध्ये सुझन फाउलर या अभियंता स्त्रीने उबरमधील अनुभव लिहिले आणि काही महिन्यांत कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी जगभर कार्यालयाबाहेर येऊन निषेध केला.

उद्योगाची बाजू

उद्योगाचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे. काम जगाच्या स्पर्धेत मिळवावे लागते. ग्राहकाची वेळ आपण ठरवत नाही. लहान गावांतल्या, पहिल्या पिढीच्या पदवीधरांना एवढ्या मोठ्या संख्येने पगारी नोकरी दुसऱ्या कोणत्या खासगी उद्योगाने दिली, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. वातावरण असह्य असेल तर माणूस सोडून जातो, हेही ते दाखवतात. मार्च २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमधील नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण २७.७ टक्क्यांवर गेले होते. कर्मचारी हतबल असता तर असे घडले नसते, असा हा युक्तिवाद.

अधिक कामाचे जाहीर समर्थनही झाले. नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. देशाची उत्पादकता वाढवण्याची तळमळ हे त्यामागचे कारण त्यांनी दिले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांबद्दल बोलले. उद्योगातील सर्वांचे मत असे नाही. २०२५ मध्ये इन्फोसिसनेच घरून काम करताना ठरल्याहून अधिक तास राबणाऱ्यांना सावध करणारे ईमेल पाठवल्याच्या बातम्या आल्या. मनुष्यबळ विभागातील अनेक जण आणखी एक गोष्ट सांगतात : चांगला अभियंता बढती मिळून व्यवस्थापक होतो, पण माणसे सांभाळायचे शिक्षण त्याला कुणी दिलेले नसते.

कर्मचाऱ्यांची बाजू

कर्मचारी संघटनांचे उत्तर असे, की नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य तेजीच्या दोन वर्षांपुरते होते. एरवी ९० दिवसांचा नोटीस पिरियड, रिलीव्हिंग लेटरची अडवणूक आणि पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी-तपासणी यांनी माणूस बांधलेला असतो. नवख्यांचा पगार दीड दशक वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो, घरभाडे मात्र थांबलेले नाही. २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांच्या नेमणुकीची वाट पाहणाऱ्यांना साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय दिला, तेव्हा पुण्यातील ‘नाइट्स’ या संघटनेने आक्षेप घेतला होता. म्हैसूर आणि टीसीएसच्या प्रकरणांतही तिने कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली. ‘फाइट’ ही संघटना पुणे-चेन्नईत, तर ‘केआयटीयू’ कर्नाटकात काम करते. केआयटीयूने २०२४ मध्ये दिवसाला १४ तासांपर्यंत काम करू देण्याच्या कर्नाटकातील प्रस्तावाला विरोध केला.

या संघटनांची सदस्यसंख्या उद्योगाच्या आकारापुढे अगदी थोडी आहे. उद्योग म्हणतो, त्या कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधित्व करत नाहीत. संघटना म्हणतात, लोक भीतीने नाव नोंदवत नाहीत. दोन्ही विधानांत तथ्य असू शकते.

कायदा कुठे उभा आहे

आयटीला कामगार कायदे लागू नाहीत, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट मोबदला दिला. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांना मात्र तो लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास, तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास आणि कायद्याची व्याप्ती २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांपुरती करण्यास मंजुरी दिली. सरकारच्या मते यातून गुंतवणूक आणि रोजगार वाढेल. संघटनांच्या मते लहान कार्यालयांतील लोकांचे संरक्षण घटेल.

केंद्राच्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. प्रत्येकाला नियुक्तिपत्र, आयटी क्षेत्रात महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार, या त्यातील ठळक बाबी. जुना वाद मात्र राहिला : सॉफ्टवेअर अभियंता कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे का? न्यायालयांनी पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाकडे पाहावे असे वारंवार म्हटले आहे, त्यामुळे निर्णय प्रत्येक प्रकरणात वेगळा लागू शकतो. कपातीपूर्वी सरकारी परवानगीची अट कारखाने, खाणी आणि मळे यांना आहे, आयटी कार्यालयांना नाही.

मानसिक छळावर तर स्वतंत्र कायदाच नाही. लैंगिक छळासाठी समिती आहे, पण रोजच्या अपमानासाठी, सूडाच्या रेटिंगसाठी, सक्तीच्या राजीनाम्यासाठी कंपनीबाहेर सहज पोहोचता येईल असे ठिकाण नाही. कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेल न घेण्याच्या हक्काचे विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. फ्रान्समध्ये हा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, हे वास्तवही ध्यानात ठेवावे लागते.

रावेरहून गेलेल्यांचा वेगळा भार

या चर्चेत लहान गावांतून आलेल्यांचा निराळा विचार फारसा होत नाही. रावेरच्या मुलामागे बहुधा शैक्षणिक कर्ज असते. वादळाने बाग आडवी झाली किंवा कुकुंबर मोझॅकने झाडे उपटावी लागली, की त्या वर्षी घर त्याच्या पगारावर चालते. कॉलवर इंग्रजी अडखळले की त्याच्या कामाचीही किंमत घटते, आणि लेवा बोलीचा हेल चेष्टेचा विषय होतो. ‘वगळणे’ या लक्षणाचे आपल्याकडचे रूप बऱ्याचदा हे असते. मुलीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. तिने त्रास सांगितला तर कंपनीत दाद मागण्याआधी घरी परत बोलावले जाण्याची भीती तिला असते. गावात नोकरीची प्रतिष्ठा एवढी, की ती सोडली हे सांगण्यापेक्षा सोसणे सोपे वाटते. कर्ज, भाषा आणि प्रतिष्ठा या तीन कारणांनी हा कर्मचारी सर्वांत कमी बोलतो, आणि म्हणून तक्रारींच्या नोंदींत सर्वांत कमी दिसतो.

काय सुटायचे आहे

मतभेद असले तरी काही गोष्टी आता सर्वमान्य होत आल्या आहेत. दीर्घकाळ ५५ तासांवर काम करणे आरोग्याला घातक आहे. रचनेतून येणारा छळ समुपदेशनाच्या फोन क्रमांकाने संपत नाही. लैंगिक छळाच्या समित्यांनी एवढे दाखवले, की कायद्याने जागा दिली तर लोक तक्रार करतात.

तीन प्रश्न उघडे आहेत. पहिला, माहितीचा : किती राजीनामे खरोखर स्वेच्छेचे असतात, याची खात्रीशीर नोंद कुणी ठेवत नाही. दुसरा, जबाबदारीचा : अशक्य मुदतीचे कंत्राट करणारा विक्री विभाग, ती मागणारा परदेशी ग्राहक आणि ती संघावर लादणारा व्यवस्थापक यांपैकी उत्तरदायी कोण? तिसरा, सुनावणीचा : तक्रार ऐकणारा आणि रेटिंग देणारा एकाच व्यवस्थेतला असेल तर न्याय कसा मिळणार? त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्यांची अनिश्चितता वाढते आहे, आणि अनिश्चितता वाढली की बोलणारे कमी होतात.

सगळी मते शेजारी ठेवून पाहिली तर एक निष्कर्ष काढावासा वाटतो. ७० की ९० तास हा वाद सर्वांत गाजला, पण तो प्रश्नाचा गाभा नाही. तासांची मर्यादा कायद्यात आहेच. उणीव आहे ती कंपनीबाहेरच्या, भीतीविना पोहोचता येणाऱ्या सुनावणीची. जिल्हा पातळीवरील तक्रार यंत्रणा, राजीनाम्याच्या खरेपणाची पडताळणी आणि मानसिक छळाची कायदेशीर व्याख्या, या तीन गोष्टींवर सरकार, उद्योग आणि संघटना यांनी बोलणे सुरू करायला हवे.

तोपर्यंत आपल्या हातात काही आहे. जळगाव जिल्ह्यातील महाविद्यालयांनी कॅम्पस मुलाखतीच्या तयारीबरोबर नियुक्तिपत्र वाचायला, बाँडची कलमे समजून घ्यायला आणि तक्रार लेखी मांडायला शिकवावे. तरुणांनी नियुक्तिपत्र, पगारपत्रक, महत्त्वाचे ईमेल यांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि दडपणाखाली त्याच बैठकीत राजीनाम्यावर सही करू नये. आणि रावेरच्या आई-वडिलांनी फोनवर पगार वाढला का हे विचारण्याआधी, तिथे तुझ्याशी नीट वागतात का, हे विचारावे. नोकरी सोडून आलेल्या मुलासाठी घराचे दार उघडे आहे हे त्याला ठाऊक असेल, तर अन्यायापुढे उभे राहण्याचे बळ त्याला तिथेच मिळेल.